ग्रुप केलं की ॲनिमेशन गायब! स्लाइडवरच्या आकृत्यांचं तुम्ही काय करता?

रेघोटी

मंडळी, मी शाळेत विज्ञान शिकवते. तयार चित्र चिकटवण्यापेक्षा आकृती स्लाइडवर स्वतः काढायची सवय आहे, म्हणजे एकेक भाग क्लिकसरशी दाखवता येतो. सध्या हृदयाची आकृती केली आहे. दोन अलिंदं, दोन निलयं, झडपा, निळे-तांबडे बाण आणि नावांच्या चौकटी. रक्त उजव्या अलिंदात येतं, तिथून उजव्या निलयात, मग फुप्फुसांकडे, असा सगळा प्रवास ॲनिमेशनने लावला. छान चाललं होतं.

मग वाटलं, उजवीकडे चार मुद्दे लिहायला जागा हवी. म्हणून आकृती जरा लहान करून डावीकडे सरकवायला सगळं निवडलं आणि ग्रुप केलं, म्हणजे सगळ्या वस्तू एकत्र बांधल्या. ॲनिमेशनची यादी कोरी! कंट्रोल+झेड मारून परत आणलं, पण मूळ अडचण तशीच. ग्रुप न करता सगळं निवडून कोपरा ओढला, तर प्रत्येक वस्तू आपापल्या जागीच आकसते. कप्प्यांमध्ये फटी पडतात आणि बाण भलतीकडेच रोखलेले दिसतात.

तर प्रश्न असा: तुम्ही आधी ग्रुप करून मग ॲनिमेशन लावता, की ग्रुपच्या वाटेला जातच नाही? पॉवरपॉइंट वापरते, पण बाकीच्यांचे अनुभवही चालतील.

खट्याळ_कर्सर

शीर्षकातला 'ग्रुप' वाचून धावत आलो. म्हटलं, नातेवाइकांच्या ग्रुपमधून कुणाला न दुखावता बाहेर कसं पडायचं ते कळेल. इथे तर अनग्रुप म्हटलं की सगळे निमूट मोकळे होतात. भाग्यवान आहात.

कंट्रोलझेड

रेघोटीताई, जे झालं ते नियमाप्रमाणेच झालं. ॲनिमेशन वस्तूला चिकटलेलं असतं. वीस वस्तू ग्रुप केल्या की पॉवरपॉइंटच्या लेखी तिथे एकच नवी वस्तू उरते आणि आतल्यांची ॲनिमेशनं काढून टाकली जातात. उलट दिशेनेही तेच. ग्रुपला ॲनिमेशन लावलं आणि मग अनग्रुप केलं, तर तेही जातं.

म्हणून माझा क्रम ठरलेला: आधी आकार आणि जागा पक्की, मग ग्रुप, सगळ्यात शेवटी ॲनिमेशन. आणि ग्रुप पूर्ण आकृतीचा करायचा नाही, क्लिकप्रमाणे करायचा. पहिल्या क्लिकला उजवं अलिंद, त्याचा बाण आणि त्याचं नाव दिसायचं असेल तर त्या तिघांचा एक ग्रुप. दुसऱ्या क्लिकचा दुसरा. ॲनिमेशनच्या यादीत मग चाळीस ओळींऐवजी सहा-सात ओळी राहतात आणि 'विथ प्रीव्हियस'ची ('आधीच्यासोबतच सुरू हो' या सूचनेची) रांग लावत बसावं लागत नाही.

आडवाउभा

कंट्रोलझेड, क्रम बरोबर, पण ग्रुपचा एवढा सोस कशाला? नुसतं हलवायचं असेल तर ग्रुप लागतच नाही. कंट्रोल+ए, मग शिफ्ट दाबून शीर्षकावर क्लिक करायचं म्हणजे ते निवडीतून सुटतं, आणि बाकीचं बाणाच्या कळांनी सरकवायचं. ॲनिमेशनला धक्का नाही. मी वर्षानुवर्षं असंच करतो. ग्रुप ही लोकांना लागलेली खोड आहे. दोन चौकटी शेजारी दिसल्या की हात कंट्रोल+जी कडे जातो.

रेघोटी

आडवाउभा, हलवायला ठीक. लहान कसं करायचं? प्रश्न तोच होता की.

आडवाउभा

लहान करायला ग्रुप हवाच, तिथे माझं काही चालत नाही. म्हणून मी रिकाम्या स्लाइडवर आधी एक चौकोन काढून ठेवतो, आकृती जेवढ्या जागेत बसवायची तेवढा. आत आकृती काढून झाली की चौकोन डिलीट. नंतर आकार बदलायची वेळ येत नाही.

भिंगरी

"नंतर आकार बदलायची वेळ येत नाही" हे वाक्य फ्रेम करून भिंतीवर लावणार आहे. आमच्याकडे सादरीकरणाला दहा मिनिटं उरली असताना साहेब "लोगो जरा मोठा करा ना" म्हणतात.

कंट्रोलझेड

@आडवाउभा, हलवायला ग्रुप लागत नाही हे मान्य. पण स्लाइडच्या मधोमध आणायचं असेल तर? ग्रुप न करता सगळं निवडून 'अलाइन सेंटर' आणि 'अलाइन मिडल' देऊन बघा एकदा.

आडवाउभा

दिलंय. सगळ्या वस्तूंचे मध्यबिंदू एकमेकांवर येऊन ढिगारा होतो. ग्रुप केला की मात्र अख्खी आकृती एक वस्तू म्हणून मध्ये येते. चला, दोन कामांसाठी ग्रुप मान्य: आकार बदलणं आणि मध्यावर आणणं. तिसरं सांगा.

निळी_शाई

तिसरं मी सांगते, पण तक्रारीच्या रूपात.

माझ्या वाट्याला बहुतेक वेळा दुसऱ्यांनी केलेल्या स्लाइड्स येतात. त्यात ग्रुपच्या आत ग्रुप, त्याच्या आत आणखी ग्रुप. कुणीतरी चार चौकटी ग्रुप केल्या, पुढच्याने त्यात बाण घालून पुन्हा ग्रुप केलं, तिसऱ्याने मागे रंगीत पट्टी टाकून पुन्हा. आता मला एका चौकटीतला एक आकडा बदलायचाय. क्लिक केलं की अख्खा पसारा निवडला जातो. पुन्हा क्लिक केलं तर कधी चौकट हाती लागते, कधी वर पसरलेला पारदर्शक आयत. तो कुणी आणि का टाकला हे आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही.

यावर उतारा एकच, सिलेक्शन पेन. ऑल्ट+एफ१० दाबा. उजवीकडे त्या स्लाइडवरच्या सगळ्या वस्तूंची यादी येते, ग्रुपच्या आतल्या वस्तू त्या ग्रुपखाली सरकवून दाखवलेल्या असतात. यादीतल्या नावावर क्लिक केलं की नेमकी तीच वस्तू निवडली जाते, कितीही खोल असो. शेजारच्या डोळ्याच्या खुणेने वरची वस्तू तात्पुरती लपवता येते. आकडा बदलायला अनग्रुप करायची गरज नाही.

फक्त यादीत सगळी नावं 'रेक्टँगल ४७', 'स्ट्रेट ॲरो कनेक्टर ६२' अशी असतात. म्हणून हात जोडून विनंती: ग्रुपला नाव द्या. यादीतल्या नावावर क्लिक, पुन्हा क्लिक, टाइप, एंटर. देवनागरीतही चालतं. 'उजवं अलिंद + बाण' एवढं लिहिलंत तरी पुढचा माणूस दुवा देईल.

टिंब

+१. वाखुसा (वाचनखूण साठवली). ऑल्ट+एफ१० माहीतच नव्हतं, इतके दिवस टॅब दाबत दाबत वस्तूंवरून फिरत होतो.

खट्याळ_कर्सर

निळी_शाई, तो पारदर्शक आयत आमच्याही फाइलमध्ये आहे. डिलीट करायची कुणाची हिंमत नाही. त्याच्यावर काहीतरी अवलंबून असेल अशी सगळ्यांना भीती.

पिंगळा

भिंगरींच्या लोगोवरून आठवलं. ग्रुप लहान केल्यावर चौकटी लहान होतात पण अक्षरं तेवढीच राहतात आणि चौकटीबाहेर सांडतात, हे सगळ्यांनी पाहिलं असेल. त्याचं कारण फाइलच्या आत बघितलं की लगेच कळतं.

पॉवरपॉइंट २००७ पासूनची .पीपीटीएक्स फाइल म्हणजे खरं तर झिप असते. एक प्रत काढा, शेवटची अक्षरं बदलून .झिप करा आणि उघडा. प्रत्येक स्लाइडची एकेक एक्सएमएल फाइल दिसेल. त्यात ग्रुपची नोंद दोन जोड्यांत असते: ग्रुप स्लाइडवर कुठे आणि केवढा, ही एक जोडी, आणि आतल्या वस्तूंच्या दृष्टीने तो केवढा, ही दुसरी. ग्रुपला स्वतःची मोजपट्टी असते असं समजा. कोपरा ओढला की दोन मोजपट्ट्यांमधलं प्रमाण बदलतं आणि त्या हिशोबाने आतल्या वस्तू लहान-मोठ्या दिसतात.

अक्षरांचा आकार मात्र या मोजपट्टीत नसतोच. तो पॉइंटच्या शंभराव्या भागात वेगळा लिहिलेला असतो, म्हणजे १८ पॉइंट असेल तर १८००. रेघेची जाडीही वेगळी, ती ईएमयू नावाच्या एककात: १ पॉइंट म्हणजे १२७००, १ सेंटिमीटर म्हणजे ३,६०,०००. ग्रुप निम्मा केला तरी १८०० चं ९०० कुणी करत नाही, की रेघ बारीक होत नाही.

उपाय दोन. ग्रुप निवडलेला असताना कंट्रोल+शिफ्ट+< दाबत राहा. आतल्या सगळ्या मजकुराचा आकार पायरीपायरीने उतरतो आणि मोठी-छोटी अक्षरं आपापल्या मानाने लहान होतात. किंवा ग्रुप कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून (कंट्रोल+ऑल्ट+व्ही) चित्र म्हणून चिकटवा. चित्राचं काहीही करा, अक्षरं सोबत येतात. पण मग आतलं काही बदलता येत नाही, म्हणून मूळ ग्रुप वेगळ्या स्लाइडवर जपून ठेवा आणि ती स्लाइड हाइड करा.

रेघोटी

पिंगळा, झिप उघडून बघितलं! घाबरत घाबरत, पण बघितलं. १८०० सापडलं. वर्गातल्या मुलांना दाखवणार.

सावकाश

अवांतर विचारते. ग्रुप केल्यावर माझा एक बाण दिसेनासा झाला. डिलीट केला नव्हता. सिलेक्शन पेनमध्ये आहे, स्लाइडवर नाही.

पिंगळा

तो बाण ग्रुपमध्ये घेतला होता का?

सावकाश

नाही, तो वेगळा ठेवला होता. दोन चौकटींच्या मध्ये होता. म्हणजे मागच्या चौकटीच्या वर आणि पुढच्या चौकटीच्या खाली.

पिंगळा

मग तो मागे गेला. स्लाइडवर सगळ्या वस्तू एकावर एक अशा थरांत असतात. मागची आणि पुढची चौकट ग्रुप केली की त्यांच्यामध्ये परका थर राहू शकत नाही. सगळा ग्रुप सर्वांत वरच्या सदस्याच्या थरावर येऊन बसतो आणि मधला बाण खाली दबतो. बाण निवडून 'ब्रिंग टू फ्रंट' करा. मधोमधच हवा असेल तर त्यालाही ग्रुपमध्ये घ्या.

सावकाश

आला वर! धन्स.

जुनाजाणता

चर्चा वाचून मजा वाटतेय, कारण ही भानगड पॉवरपॉइंटपेक्षा जुनी आहे. १९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलँडने पीएच.डी.साठी स्केचपॅड नावाची प्रणाली केली. पडद्यावर लाइट पेनने रेघा काढायच्या. तिच्यात एक मूळ चित्र काढून त्याच्या हव्या तेवढ्या प्रती मांडता येत. मूळ चित्रात बदल केला की सगळ्या प्रती आपोआप बदलत.

आपला ग्रुप हे करत नाही. एका ग्रुपच्या दहा प्रती काढल्या की त्या दहा स्वतंत्र वस्तू. एकीत रंग बदलला तर बाकीच्या नऊंना पत्ता नसतो. स्लाइड मास्टरवर (सगळ्या स्लाइड्सच्या मूळ साच्यावर) ठेवलेली गोष्ट तेवढी सगळीकडे बदलते, पण तिथे ठेवलेलं स्लाइडवरून निवडता येत नाही. साठ वर्षं उलटून गेली, आणि साध्या स्लाइडवर अजून प्रत्येक प्रत हाताने दुरुस्त करतोय आपण. मला तरी हे नवलच वाटतं.

आडवाउभा

जुनाजाणता, म्हणूनच म्हणतो, सगळ्या स्लाइडवर येणारा लोगो, पट्टी वगैरे ग्रुप करून प्रत्येक स्लाइडवर चिकटवू नका, मास्टरवर टाका. भिंगरींच्या साहेबांचा प्रश्नही तिथेच मिटतो. एका जागी मोठा केला की सगळीकडे मोठा.

भिंगरी

साहेबांना सांगू नका. त्यांना अजून वाटतं की मी प्रत्येक स्लाइडवर कष्टाने करते.

प्रवाही

मी कामासाठी फ्लोचार्ट करते. माझा अनुभव असा की बाण 'कनेक्टर' प्रकारचा असेल आणि त्याची टोकं चौकटीच्या कडेवरच्या ठिपक्यांना चिकटवली असतील, तर चौकट हलवली की बाण मागून येतोच. ग्रुप करायचं निम्मं कारण तिथेच संपतं. लोक साधी रेघ चौकटीला टेकवून ठेवतात, ती सुटते, आणि मग सुटू नये म्हणून ग्रुप करतात. टोक खरंच चिकटलं की नाही ते रंगावरून कळतं, चिकटलेलं टोक हिरवं दिसतं.

मधुरा_लिहितेय

मी ग्रुपऐवजी युनियन करते. आकार एक होतात, सुटत नाहीत. सोपं नाही का?

कंट्रोलझेड

मधुरा, ते मर्ज शेप्स. तिथे आकार खरोखरच एकजीव होतात, अनग्रुप करून परत मिळत नाहीत. लगेच कंट्रोल+झेड केलं तरच. दोन वर्तुळांचा ढग करायचा असेल तर उत्तम, पण उद्या त्यातलं एकच वर्तुळ हलवायचं असेल तर नव्याने काढायचं. ग्रुप म्हणजे नुसती बांधलेली मोळी, सुतळी सोडली की काड्या होत्या तशा.

लिनक्सवाला

लिब्रेऑफिस इम्प्रेसवाल्यांसाठी: ग्रुप कंट्रोल+शिफ्ट+जी. आणि एक सोय मला फार आवडते. ग्रुप निवडून एफ३ दाबलं की ग्रुपच्या 'आत' जाता येतं. बाहेरच्या वस्तू तेवढा वेळ हाताला लागत नाहीत. आतलं काम झालं की कंट्रोल+एफ३ ने बाहेर. निळी_शाईंचा तो पारदर्शक आयत ग्रुपच्या बाहेर असेल तर आड येणार नाही.

निळी_शाई

आतच असणार तो. त्याचा स्वभाव ओळखून आहे मी.

उत्तररात्र

गूगल स्लाइड्सवाले कुणी? तिथे ग्रुप कंट्रोल+ऑल्ट+जी, सोडायला त्यातच शिफ्ट. तक्ता आणि व्हिडिओ ग्रुपमध्ये घेता येत नाही, प्लेसहोल्डरही (स्लाइडवर आधीपासून असलेली मजकुराची किंवा चित्राची चौकट) नाही.

मास्तर_उवाच

उत्तररात्र, प्लेसहोल्डरचं पॉवरपॉइंटमध्येही तसंच. 'ग्रुपचं बटण करडं का दिसतं' हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

निवडलेल्या वस्तूंत तक्ता असेल किंवा प्लेसहोल्डर असेल तर ग्रुप होत नाही. शीर्षकाची चौकट प्लेसहोल्डर, हे बहुतेकांना माहीत असतं. फसगत चित्रांच्या बाबतीत होते. नव्या स्लाइडवर मधे जी मोठी रिकामी चौकट असते, तिच्यातल्या चित्राच्या खुणेवर क्लिक करून फोटो टाकला तर तो फोटो प्लेसहोल्डरच्या आत जाऊन बसतो. दिसतो साध्या चित्रासारखा. मग त्यावर बाण काढायचा, दोन्ही निवडायचे, आणि बटण करडं. सिलेक्शन पेनमध्ये नाव बघा, 'कंटेंट प्लेसहोल्डर' असं काही दिसलं तर हाच आजार.

तो फोटो कट करा. मागे रिकामी चौकट उरेल. लगेच पेस्ट केलात तर तो पुन्हा तिच्यातच जाईल, म्हणून आधी ती चौकट डिलीट करा आणि मग पेस्ट. आता तो मोकळा. बाण, नाव, काय हवं ते त्याच्यासोबत ग्रुप करा.

तक्त्याला असा उपाय नाही. त्याचं चित्र करून घ्यायचं, नाहीतर वर ठेवलेले बाण सुटेच ठेवायचे.

स्पर्श

अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझा एक सहकारी स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारी प्रणाली) वापरतो. सुटे बाण आणि चौकटी असलेली आकृती त्याच्यासमोर आली की रीडर एकेक वस्तू वाचत जातो: बाण, बाण, आयत, मजकूर, बाण. आकृतीचा अर्थ काही लागत नाही. तीच आकृती ग्रुप करून ग्रुपला पर्यायी मजकूर दिला, 'रक्त उजव्या निलयातून फुप्फुसांकडे जातं' असा, तर त्याला एका वस्तूचं एक वर्णन मिळतं. आडवाउभा, तुम्ही तिसरं कारण मागितलं होतं ना, हे घ्या. माझ्या मते पहिलं हेच असायला हवं.

वाचण्याचा क्रमही बघा. सिलेक्शन पेनमधली यादी खालून वर वाचली जाते. नव्या आवृत्त्यांत 'रीडिंग ऑर्डर' अशी वेगळी यादी मिळते, ती वरून खाली.

आडवाउभा

स्पर्श, हे डोक्यातच आलं नव्हतं. पटलं. ग्रुपच्या बाजूने हे कारण मला सर्वांत भक्कम वाटतं.

कंट्रोलझेड

आडवाउभांना काहीतरी पटलं. धाग्याची नोंद व्हावी.

आडवाउभा

दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या). बाकी मुद्दे पटलेले नाहीत.

प्रवाही

रेघोटीताई, मूळ प्रश्नाकडे. तुमची ॲनिमेशनं आधीच लावून झाली आहेत ना? मग ग्रुप करण्यापूर्वी कंट्रोल+डीने स्लाइडची प्रत काढा, म्हणजे जुनी ॲनिमेशनं तिथे शाबूत राहतात. इकडे ग्रुप करा, आकार बदला, अनग्रुप करून क्लिकप्रमाणे छोटे ग्रुप करा. मग प्रतीवरच्या वस्तूवर क्लिक करून ॲनिमेशन पेंटर (ऑल्ट+शिफ्ट+सी), आणि इकडच्या ग्रुपवर क्लिक. ॲनिमेशन वेळेसकट येतं, दुसऱ्या स्लाइडवरूनही. सगळं नव्याने ठरवण्यापेक्षा बरं.

उत्तररात्र

त्यापेक्षा ॲनिमेशनच सोडून द्या की. सात स्लाइड्स करा. पहिलीवर नुसते कप्पे, दुसरीवर पहिला बाण, तिसरीवर दुसरा. पुढे जाताना ॲनिमेशनसारखंच दिसतं. ग्रुप करा, मोडा, काही उडत नाही.

निळी_शाई

उत्तररात्र, आणि मग अलिंदाच्या नावात शुद्धलेखनाची चूक निघाली की सात ठिकाणी दुरुस्ती. त्यातली एक राहणार, आणि नेमकी तीच पडद्यावर असताना कुणीतरी बोट दाखवणार.

उत्तररात्र

मान्य. पण पीडीएफ करून मुलांना द्यायची असेल तर? ॲनिमेशनवाली स्लाइड पीडीएफमध्ये एकच पान होते, सगळे बाण एकदम, आणि ज्या वस्तू मधेच नाहीशा व्हायच्या होत्या त्याही तिथे एकावर एक बसलेल्या. सात स्लाइड्सची सात पानं होतात, प्रवास पायरीपायरीने दिसतो.

मास्तर_उवाच

दोघांचंही खरं. मी मुलांच्या हातात द्यायचं असेल तर सुट्या स्लाइड्स करतो, फक्त पडद्यावर दाखवायचं असेल तर ॲनिमेशन. आणि सुट्या स्लाइड्सच्या वेळी शेवटची, भरलेली स्लाइड आधी पूर्ण करतो. शुद्धलेखन तपासून, सगळं जागेवर बसवून. मग तिच्या प्रती काढून प्रत्येकीतून थोडं थोडं काढत उलट जातो. भर घालत पुढे जाण्यापेक्षा काढत मागे जाणं सोपं, जागा हलत नाही.

पिंगळा

आकृती मोठी असताना समजावून मग ती लहान होऊन डावीकडे सरकायला हवी असेल, तर मॉर्फ ट्रान्झिशन बघा. पॉवरपॉइंट २०१९ आणि ३६५ मध्ये आहे. स्लाइडची प्रत काढा, प्रतीवर ग्रुप लहान करून डावीकडे ठेवा, प्रतीला मॉर्फ लावा. मधला प्रवास ते स्वतः दाखवतं. दोन्ही स्लाइडवर ग्रुप सारखाच हवा, एकीकडे ग्रुप आणि दुसरीकडे सुटं असं नको. जुळणी चुकत असेल तर सिलेक्शन पेनमध्ये दोन्हीकडे एकच नाव द्या आणि नावाच्या सुरुवातीला दोन उद्गारचिन्हं टाका. मग मॉर्फ त्या दोघांची जोडी धरूनच चालतं.

खट्याळ_कर्सर

'!!हृदय' असं नाव ठेवायचं तर. सिलेक्शन पेन एकदम भावुक वाटेल.

रेघोटी

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

काय केलं ते सांगते. कंट्रोलझेड म्हणाले तसे क्लिकप्रमाणे ग्रुप केले, नावं दिली ('१ उजवं अलिंद', '२ उजवं निलय', '३ फुप्फुसांकडे'...). ॲनिमेशनच्या यादीतही हीच नावं दिसतात, त्यामुळे क्रम वर-खाली करणं फारच सोपं झालं. हे कुणी लिहिलं नव्हतं म्हणून मुद्दाम सांगतेय. प्रवाहीताईंची पेंटरची युक्ती चालली. पर्यायी मजकूरही घातला, स्पर्श.

एक गोष्ट अडली. महाधमनीचा तांबडा बाण दोन क्लिकमध्ये लागतो, आधी अर्धा आणि मग पूर्ण. एक वस्तू दोन ग्रुपमध्ये ठेवता येत नाही ना?

कंट्रोलझेड

नाही. एक तर ती कोणत्याच ग्रुपमध्ये घालू नका, सुटी ठेवून तिला स्वतःचं ॲनिमेशन द्या. नाहीतर बाणाचे दोन तुकडे करा, खालचा तुकडा एका ग्रुपमध्ये, वरचा टोकाचा तुकडा दुसऱ्यात. रेघेची जाडी आणि रंग सारखे असले आणि टोकाला टोक लागलं की सांधा कळत नाही.

आडवाउभा

किंवा 'वाइप' लावा, खालून वर. बाण सावकाश भरत गेला तर अर्धा-पूर्ण करायची गरजच पडत नाही. सुटाच ठेवा मात्र. ;)

रेघोटी

वाइप खरंच छान दिसतंय, रक्त वाहतंय असं वाटतं. बाण सुटा ठेवलाय. आडवाउभांचा एक गुण.

नवीन_सदस्य_क्षमस्व

धागा उशिरा वाचला. माझ्याकडे फोटो आणि त्यावरची बाणाची खूण ग्रुपच होत नाहीये, बटण करडं दिसतं. तक्ता वगैरे काही नाही स्लाइडवर. काय चुकत असेल?

निळी_शाई

वर मास्तरांचा प्रतिसाद वाचा. फोटो प्लेसहोल्डरमध्ये असणार. ऑल्ट+एफ१० करून नाव बघा.

नवीन_सदस्य_क्षमस्व

'कंटेंट प्लेसहोल्डर ४' लिहिलंय. कट, चौकट डिलीट, पेस्ट. झालं ग्रुप. पण फोटो आता बाणाच्या वर आलाय, बाण दिसत नाही.

सावकाश

हे मला येतं! नंतर पेस्ट केल्यामुळे फोटो सगळ्यात वरच्या थरावर बसलाय. सिलेक्शन पेनमध्ये ग्रुपखाली बाणाचं नाव दिसेल, ते ओढून फोटोच्या नावाच्या वर सोडा. अनग्रुप करू नका.